मोठा हात, लहान हात

गुरांच्या पंधराव्या मोजणीचं वर्ष. पेरणीचा चौथा महिना, दिवस ३.

थोरल्या भावाशी धाकटा भाऊ बोलतो आहे. पश्चिमेकडे, मेलेल्यांच्या देशात गेलेल्या माणसाला आधी त्याची खुशाली विचारायची असते, तर दादा, तू बरा आहेस ना? विचारून झालं. आता मला तुझ्याशी भांडायचं आहे.

माझी मुलगी इंती आजारी आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस, तू गेलास त्याच्या पुढच्या पुरात ती झाली. चार वर्षांची आहे. दर चार-पाच दिवसांनी तिला हुडहुडी भरते, मग अंग इतकं तापतं की हात ठेववत नाही. सखमेत देवीचा पुजारी मधातून कसलासा पाला देऊन गेला. मग गल्लीच्या टोकाच्या जाणत्या म्हातारीला बोलावलं. तिने पोरीचं कपाळ चाचपलं आणि म्हणाली, हे बाहेरचं नाही, घरातलंच कुणीतरी पश्चिमेला गेलेलं आहे आणि नाराज आहे. हेनूतने माझ्याकडे पाहिलं. माझी बायको बोलत फारसं नाही, पण पाहते फार.

घरातले पश्चिमेला गेलेले म्हणजे आई-बाबा आणि तू. ते दोघं नातीला छळायचे नाहीत. राहिलास तू.

मी तुझं काय वाकडं केलं आहे? हा शब्द आपल्या वस्तीत हल्ली जपून वापरावा लागतो, पण दुसरा सुचत नाही. तुझ्या वाट्याच्या कांद्याला मी कधी हात लावला नाही. तुझा पाय चिरडला तेव्हा सतरा दिवस तुला पाठीवर घालून नदीवर नेत होतो. तुला गुंडाळलं ते नव्या कापडात, जुनेर वापरलं नाही. मग हा राग कसला?

या वाटीत भाकरी आहे, भाजलेलं बदक आहे (सगळं नाही, अर्धं), आणि शेजारच्या मडक्यात बिअर आहे. भाकरी उचललीस की खाली माझी अक्षरं दिसतील. तूच शिकवली आहेस, तेव्हा लागत नाहीत असं म्हणू नकोस. तिकडे देवांची कचेरी असते म्हणतात. पोरीला कोण छळतंय ते तिथे जाऊन विचार, आणि तूच असशील तर सोड तिला.

कामाचं म्हणशील तर राजाने तिसरा पिरॅमिड काढला आहे, आपल्या उत्तरेला, तांबूस दगडाचा. टोळीतले लोक म्हणतात, राजाला अंग एक आणि घरं तीन. एकात झोपेल, एकात जेवेल, एकात राणीवर रुसून बसेल. तू हसला असतास. वाटीचा काठ आला, थांबतो.

तेच वर्ष. पेरणीचा चौथा महिना, दिवस १४.

दादा, वाटी रिकामी नव्हती. वाटीच नव्हती. मडकंही गेलं होतं. म्हणजे तुला पत्र पोचलं असं मी धरलं, आणि खरंच सहा दिवस इंती बरी होती. खजूर मागून खाल्ले, शेजारणीच्या बदकामागे धावली. सातव्या दिवशी पुन्हा हुडहुडी. मग पोचलं की नाही पोचलं?

एक गोष्ट मला सुटत नाही. जेवण माणसाला मिळत नाही, त्याच्या नावाला मिळतं, हे तूच मला सांगितलं होतंस. तुझ्या थडग्याच्या दगडी दारावर आता नाव नाही. जिथे होतं तिथे नुसती खरवडलेली जागा आहे. नाव नाही तर तू नाहीस. तू नाहीस तर रागावतो कोण? आणि रागावणारा कुणी आहे, तर नाव खोडून काय साधलं? परवा याच विचारात मी एका कोपऱ्याचा उतार दोनदा मोजला आणि दोनदा वेगळा आला.

नाव मी खोडलं नाही. हेमी मुकादमांची दोन माणसं छिन्नी घेऊन आली होती. मी फक्त जवळ उभा होतो. त्यातल्या एकाला तहान लागली, तेव्हा पाणी दिलं. तहानलेल्याला पाणी देणं हा काही गुन्हा नाही.

काल बरी असताना इंतीने विचारलं, "बाबा, तो डोंगर कशाला?" लहानपणापासून मी याच कामावर आहे आणि मला उत्तर देता येईना. आपले बाबा म्हणायचे, जिना आहे, राजा चढून ताऱ्यांत जाणार. तेव्हा पायऱ्या होत्या, पटायचं. मग दक्षिणेतल्या त्या पहिल्या पिरॅमिडाच्या पायऱ्या तू आणि मीच भरून काढल्या, गुळगुळीत केल्या. तेव्हा पुजारी म्हणाले, जिना कोण म्हणालं, हा तर वरून उतरलेला सूर्याचा किरण. तू म्हणायचास, दोघांचंही सोड, पूर ओसरताना पाण्यातून पहिला उंचवटा वर येतो ना, तो आहे हा, सगळं जग त्याच्यावरूनच सुरू झालं. मला तुझंच पटायचं. पण आता तीन झाले. पहिले उंचवटे तीन कसे असतील? यातलं तिला काय सांगू, म्हणून म्हटलं, राजा झोपणार आहे तिथे. ती म्हणाली, "एवढा मोठा आहे राजा?" मी हो म्हटलं.

अंजीर ठेवले आहेत. तुला आवडायचे म्हणून, लाच म्हणून नाही.

तेच वर्ष. सुगीचा पहिला महिना, दिवस २.

दादा, काल इंतीने मला ओळखलं नाही. मला हाताने दूर केलं आणि हेनूतला म्हणाली, हे कोण आहेत, यांना जायला सांग. हेनूतने संध्याकाळपर्यंत तिचं अंग ओल्या फडक्याने पुसलं. मग म्हणाली, "तुम्ही भावजींना काय लिहिता ते मला वाचता येत नाही. पण जे लिहायला हवं ते लिहीत नसणार."

तर मापाच्या काठीबद्दल लिहितो. तिकडून तुला सगळं दिसत असेल, तरी लिहितो.

उतार कसा सांगतात? एक हात वर चढलं की इतक्या मुठी आत यायचं. आपल्या दुसऱ्या पिरॅमिडावर तू त्या दिवशी वरून ओरडून मला सांगितलंस, "हाताला पाच मुठी." कुठला हात? आपण घरं बांधतो तो लहान हात सहा मुठींचा. राजवाड्यातून आलेला मोठा हात सात मुठींचा. तू सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळ्या टोळीसमोर तू म्हणाला असतास, "इदू, अजून तुला हात कळत नाही?" तू असं म्हणायचास, दादा. नाकारू नकोस. राजाचं काम आहे म्हणून मी राजाचा हात धरला. काठ्या कापल्या, चारही कोपऱ्यांवर दिल्या. तुझ्या मनात होता त्याहून उतार उभा झाला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळीकडे सारखाच चुकला होता.

पुढचं मी नको सांगायला. अर्ध्यावर आल्यावर आतल्या खोलीचे दगड बोलायला लागले. भेगा पडल्या. जहाजातून आलेल्या देवदाराचे वासे आत टेकू म्हणून लावले, आणि ते लावताना सरकलेला दगड तुझ्या पायावर आला. वरचं अर्धं मग मोठ्या हाताला साडेसात मुठींनी चढवलं, आणि पिरॅमिड तिथे वाकला. आज नदीतून जाणारा कुणीही कोळी त्याला वाकडाच म्हणतो.

चौकशीत हेमी मुकादमांनी विचारलं, काठी कुणाची? मी म्हटलं, थोरल्या भावाची. खोटं नव्हतं, उतार तूच सांगितला होतास. तुला जाऊन वीस दिवस झाले होते. मला वाटलं, मेलेल्या माणसाचं काय जातं? आपल्या लोकांत जन्मून, तुला स्वतःच्या हाताने गुंडाळून, दारापाशी भाकरी ठेवून आल्यावर मला असं कसं वाटलं, ते मला आजही कळत नाही.

काठी मी कापली होती. हे आता लिहिलं आहे. पोरीला सोड.

तेच वर्ष. सुगीचा पहिला महिना, दिवस ८.

ही मोठी परात आहे, कारण सांगायचं बरंच आहे.

तुला लिहून भागणार नाही असं मला वाटलं. जिथे खोटं बोललो तिथेच जाऊन खरं बोलायला हवं. म्हणून मी हेमी मुकादमांकडे गेलो. ते आता बरेच मोठे झाले आहेत, सावलीत बसतात, मागे पंखेवाला असतो. काकडी खात होते. मी पाया पडलो आणि एका दमात सांगून टाकलं की दुसऱ्या पिरॅमिडाच्या कामात चूक माझी होती, काठी मी कापली, भावाचं नाव दारावर परत कोरू द्या आणि मला काय शिक्षा द्यायची ती द्या.

त्यांनी काकडी संपवली. मग म्हणाले, "कुठली चूक?"

मी म्हटलं, "तो मधून वाकला ना, मुकादम."

"वाकला कुठे? राजा दोन देशांचा आहे. खाली एका देशाचा उतार, वर दुसऱ्या देशाचा. पहिल्यापासून तसाच योजला होता. पुजाऱ्यांकडे लिहिलेलं आहे."

दादा, मी म्हटलं, भेगा मीच तुम्हाला दाखवल्या होत्या, देवदाराचे वासे तुमच्याच हुकमाने आले. ते म्हणाले, वासे शोभेचे आहेत. ज्या खोलीत कुणी कधी जाणार नाही, तिथे शोभा! मला हसू आलं आणि ते मी खोकला म्हणून काढलं. मग मला धीर आला, किंवा अक्कल गेली. मी विचारलं, चूकच झाली नव्हती तर माझ्या भावाचं नाव का खोडलं?

"चूक नाही, तर चूक करणाराही नाही," ते म्हणाले. "नसलेल्या माणसाचं नाव कोण खोडेल?" आणि जवळ बोलावून अगदी मायेने सांगितलं, "हे बघ इदू, ते नाव ऐकू आलं की लोकांना वाकडं आठवतं. तू बरा माणूस आहेस, उतार चांगला राखतोस. काठी हातात ठेवायची असेल तर तोंड आवर. दगड ओढायच्या दोरीवर माणसं कमीच पडतायत."

मी परत आलो. वाटेत तिसरा दिसत होता, मोठ्या हाताला साडेसात मुठी, तळापासून. म्हणजे चुकीपासून शिकून काढलेला. चूक नव्हती तर मग हे शिकलो कुठून? आणि तू चुकला नाहीस, मी चुकलो नाही, दगड चुकला नाही, तर तुझा पाय कशाने गेला? मला शिक्षा हवी होती, दादा. ती द्यायलाही कुणी तयार नाही. माझा राग आता तुझ्यावर आहे की मुकादमांवर की स्वतःवर, तेही नीट सांगता येत नाही.

इंती आज पाणी प्यायली. एवढंच.

तेच वर्ष. सुगीचा पहिला महिना, दिवस १५.

हे कापडावर लिहितो आहे, कारण वाट्या आता माझ्या घरी परत आल्या आहेत.

काल दुपारी नेबेत वहिनी आली. आमच्या घरापासून तिसरं दार, आणि पाच वर्षांत ती एकदाही माझ्याशी बोलली नव्हती. पाणवठ्यावर समोर आली तरी पदर सावरून निघून जायची. काल थेट आत आली, इंतीच्या खाटेपाशी बसली, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि टोपलीतून एकेक करत तीन वाट्या आणि परात बाहेर काढून माझ्यासमोर मांडली. तुझ्या दारापाशी मी ठेवलेलं सगळं तीच घरी नेत होती. बदक चांगलं होतं म्हणाली, पण अर्धंच होतं.

"वाचा, भावजी," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला काय लिहिता ते मलाही कळू द्या."

मी पहिली वाटी उचलली आणि वाचलं, दादा, तू सुखी राहा, तुला भाकरी आणि बिअर मिळत राहो.

तिने माझ्या हातातली वाटी गोल फिरवून पाहिली. "तळापासून काठापर्यंत एवढंच?"

"अक्षरं मोठी आहेत," मी म्हटलं.

"या नेबेतला वाचता येत नाही," ती म्हणाली, "पण नवरा अक्षरांचा होता तिचा. मोठं अक्षर कुठलं आणि बारीक कुठलं, ते तिला दिसतं."

दुसरी वाटी मी अर्धी खरी वाचली. तहानेचा भाग गाळला. तिसरी हातात घेतली तेव्हा आत हेनूतचं दळण थांबलं होतं. त्या दोघींसमोर तुला खोटं वाचून दाखवणं मला जमेना. मोठा हात, लहान हात, मी न विचारलेलं, मी कापलेली काठी, चौकशीतलं उत्तर, सगळं वाचलं. आवाज माझाच होता पण ऐकायला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. वाचून झाल्यावर मी मान खाली घालून बसलो. मला वाटलं, आता ती वाटी माझ्या डोक्यात घालेल. घालायला हवी होती.

ती म्हणाली, "हे त्यांनी मला सांगितलं होतं. पाय काळा पडला होता तेव्हा. म्हणाले, इदूने मोठा हात धरला. कुठला ते मी सांगायला हवं होतं, आणि तो न घाबरता विचारेल असा मी वागायला हवा होतो. म्हणाले, त्याला कळू देऊ नकोस, खचेल."

दादा, तुला माहीत होतं. पाठीवर घालून तुला नदीवर नेत होतो ते सतरा दिवस तुला माहीत होतं, आणि तू माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून माशांच्या गोष्टी करत होतास. मग मी पाच वर्षं कुणापासून काय लपवत होतो?

मी रडलो. वहिनीने इंतीचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "काठीसाठी मी तुमच्याशी बोलणं टाकलं नाही. चूक कुणाच्याही हातून होते. त्यांचं नाव खरवडणाऱ्याला तुम्ही पाणी दिलंत. मी थडग्याच्या मागे उभी होते."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

शेवटी मी तिला विचारलं, दादा माझ्यावर एवढा रागावला आहे तर मला धरू दे, पोरीला का धरतो? तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी अगदीच खुळा आहे. "रागावलेत असं कोण म्हणतं? मी रोज सकाळी दारात पाणी ओतते आणि त्यांचं नाव घेते, हळू आवाजात. ते जेवूनखाऊन आहेत. पोरीला ताप आलाय, भावजी. सुताराच्या घरी दोघांना आलाय. तापाला तुमचा भाऊ कशाला लागतो?"

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तू रागावलेला असतास तर मी काहीतरी देऊन तुझा राग काढला असता. तू रागावलेलाच नाहीस, तर मी काय करू? मी म्हटलं, दारावर नाव पुन्हा कोरतो. ती म्हणाली, ते पुन्हा खोडतील, आणि तेव्हा पाणी कोण देईल ते मला माहीत आहे. तिने कोपऱ्यातला आमचाच तांब्या उचलला आणि माझ्या हातात दिला.

"नाव तोंडाने घ्या," ती म्हणाली. "माझ्यासारखं हळू नाही."

मी दारात आलो. भर दुपार, दोरीची टोळी जेवायला खाली उतरत होती, आणि त्यांच्यात हेमी मुकादमांचा लेखनिक होता. मला वाटलं, तो पुढे जाऊ दे, मग घेऊ. मागे वळून पाहिलं तर वहिनी भिंतीला टेकून उभी होती आणि हेनूत तिच्याशेजारी. मी पाणी ओतलं. पहिल्यांदा नुसता श्वासच आला. मग मी म्हटलं, सेशेमू. माझा थोरला भाऊ सेशेमू. काठी मी कापली, सेशेमूने नाही.

टोळी थांबली. जुन्यांपैकी एका म्हाताऱ्याने डोक्यावरचं फडकं काढलं. लेखनिकाने माझ्याकडे पाहिलं, वाकलेल्या पिरॅमिडाकडे पाहिलं आणि निघून गेला. आज सकाळी मुकादमांचा माणूस आला आणि माझी मापाची काठी घेऊन गेला. उद्यापासून मी दोरीवर आहे. हेनूत म्हणाली, जेवायला घरी येता येईल ना? येईल म्हटलं.

मला अजूनही काही कळत नाही, दादा. राजाच्या नावासाठी आपण तीन डोंगर रचले, तरी ते पुरेल की नाही याची त्याला खात्री नाही. तुझं नाव पाच वर्षं वहिनीच्या ओंजळभर पाण्यावर चाललं आहे. मग डोंगर कशाला? मी कुणाला विचारू? मुकादमांना तर नाहीच.

इंतीचा ताप आज उतरला आहे. पुन्हा येईल, न येईल, मी आता त्यावरून काही ठरवत नाही. काल मी दारातून आत आलो तेव्हा ती जागी होती. तिने विचारलं, "बाबा, सेशेमू कोण?"

मी म्हटलं, "तुझा काका."

"मग तो आपल्याकडे येत का नाही?"

"मी त्याचं नाव घेत नव्हतो म्हणून."

तिने थोडा विचार केला. कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "मग घेत जा ना."